यंत्राची विस्मृती आणि माणसाचे टिपण

विशेष प्रतिनिधी

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या सहायकांनी शहरी मध्यमवर्गाच्या दैनंदिन कामकाजात शिरकाव केला, त्याला आता काही वर्षे लोटली आहेत. ओपनएआय या अमेरिकी कंपनीने ३० नोव्हेंबर २०२२ रोजी ‘चॅटजीपीटी’ सर्वांसाठी खुले केले, तेव्हा लोकांनी त्याला कविता रचायला सांगितल्या, कोडी घातली. कुतूहल ओसरल्यावर खरी कामे सुरू झाली. करारनाम्यांचे मसुदे, प्रबंधाची प्रकरणे, हिशेबाची कोष्टके, संगणकाचे प्रोग्रॅम अशी आठवडेच्या आठवडे चालणारी कामे या सहायकांवर सोपविली जाऊ लागली. त्याबरोबर एक तक्रारही सार्वत्रिक झाली. तीन दिवस बारकाईने समजावून सांगितलेले सारे काही हा सहायक चौथ्या दिवशी विसरलेला असतो आणि विसरल्याची त्याला जाणीवही नसते.

या विस्मृतीकडे बहुधा एखादा किरकोळ दोष म्हणून पाहिले जाते. पुढच्या आवृत्तीत तो दूर होईल, अशी अपेक्षा असते. वस्तुतः ती या यंत्रणेच्या घडणीतूनच उद्भवते. हरवलेला संदर्भ सहायकाला परत मिळवून देण्याचे काम त्यामुळे अखेर वापरणाऱ्यावरच येते, आणि ते नीट व्हायचे तर झालेल्या कामाची नोंद त्याच्या स्वतःच्या हाती असावी लागते. कंपन्यांनी अलीकडच्या काळात देऊ केलेली ‘स्मृती’ सोयीची आहे, यात शंका नाही. मात्र ती कोणाच्या ताब्यात असते, किती काळ टिकते आणि ती बरोबर घेऊन दुसरीकडे जाता येते का, हे प्रश्न भारतातील ग्राहकाच्या दृष्टीने अजून सुटलेले नाहीत.

विसरणे घडते कसे?

भाषेचे हे प्रारूप प्रचंड मजकुरावर आधी प्रशिक्षित केलेले असते. त्या प्रशिक्षणातून आलेले ज्ञान त्याच्यात मुरलेले असते. पण नंतर कोणाशी झालेल्या संभाषणातून ते आपोआप काही शिकत नाही. आपण एखादे वाक्य टंकित करतो, तेव्हा पडद्यामागे केवळ तेवढे वाक्य यंत्राकडे जात नाही. त्याआधीचे आपले प्रश्न आणि त्याची उत्तरे असा सगळा मजकूर एकत्र बांधून पुन्हा त्याच्यापुढे ठेवला जातो. यंत्र तो पहिल्यापासून वाचते, पुढचे उत्तर रचते आणि काम संपते. पुढच्या प्रश्नाला पुन्हा तेच. आपल्याला जे सलग संभाषण वाटते, ते यंत्राच्या बाजूने दर वेळी नव्याने वाचलेले कागदांचे बाड असते.

या बाडाला मर्यादा आहे. ती ‘टोकन’ या एककात मोजतात. टोकन म्हणजे शब्द किंवा शब्दाचा तुकडा. इंग्रजीत साधारण १०० टोकनांत ७५ शब्द मावतात. एका वेळी जास्तीत जास्त किती टोकने यंत्रापुढे ठेवता येतात, त्या मर्यादेला ‘कॉन्टेक्स्ट विंडो’ म्हणजे संदर्भाची खिडकी म्हणतात. संभाषण या खिडकीपेक्षा लांबले, की काही मजकूर वगळावा लागतो. काही सेवांत सर्वांत जुना भाग गळतो, तर काही सेवा आधीच्या संभाषणाचा आपोआप सारांश करून मूळ मजकूर बाजूला ठेवतात. दोन्ही प्रकारांत वापरणाऱ्याला पडद्यावर जुने संभाषण जसेच्या तसे दिसत राहते. साहजिकच यंत्रही ते पाहत असेल, असा त्याचा समज होतो. घोटाळ्याची सुरुवात येथे होते.

वैद्यकशास्त्राच्या इतिहासात या स्थितीशी मिळतेजुळते एक प्रसिद्ध उदाहरण आहे. अपस्मारावर उपाय म्हणून १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन या रुग्णाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्यांना जुन्या गोष्टी बऱ्याच आठवत. भाषा आणि बुद्धी शाबूत होती. पण नवी आठवण टिकेनाशी झाली. समोरच्याशी ते सुसंगत बोलत; मात्र तीच व्यक्ती खोलीबाहेर जाऊन काही वेळाने परतली, की तिची ओळख नव्याने करून द्यावी लागे. ब्रेंडा मिल्नर आणि अन्य संशोधकांनी त्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. माणूस आणि यंत्र यांची तुलना फार ताणणे योग्य नव्हे. पण बोलणे हुशारीचे असले म्हणजे आठवणही शाबूत असते, असे गृहीत धरता येत नाही, एवढा बोध या उदाहरणातून मिळतो.

खिडकी अपुरी पडणे हे संदर्भ हरवण्याचे एक कारण झाले. वापरणारा नवे संभाषण उघडतो तेव्हा पाटी कोरीच असते. कार्यालयातील संगणकावर एक खाते आणि घरच्या फोनवर दुसरे असेल, तर एकाला दुसऱ्याचा पत्ता नसतो. तात्पुरत्या स्वरूपाचे संभाषण निवडले असेल, तर त्याचा पुढे उपयोग होत नाही. कारण कोणते, हे आधी ओळखणे आवश्यक ठरते. कारण त्यावर उपाय अवलंबून असतो.

मराठीला बसलेला फटका

ही मर्यादा सर्व भाषांना सारखी लागू होत नाही, याची चर्चा मराठीत फारशी झालेली नाही. टोकने पाडण्याची पद्धत मुख्यतः इंग्रजी मजकूर डोळ्यांपुढे ठेवून घडली. देवनागरीतील काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे तिच्यात सुटी सुटी मोजली जात. ओपनएआयने मे २०२४ मध्ये ‘जीपीटी-४ओ’ सादर करताना नव्या पद्धतीची तुलना दाखविणारी आकडेवारी दिली होती. एकाच आशयाच्या नमुना मजकुराला जुन्या पद्धतीत इंग्रजीत २७ टोकने लागत, तर मराठीत ९६. नव्या पद्धतीत इंग्रजीची संख्या २४ आणि मराठीची ३३ झाली.

या आकड्यांचा व्यवहारातील अर्थ समजून घेतला पाहिजे. जुन्या पद्धतीत मराठीतून काम करणाऱ्याची खिडकी इंग्रजीतून काम करणाऱ्याच्या तुलनेत साडेतीन पटींनी लवकर भरत होती. मार्च २०२३ मध्ये आलेल्या ‘जीपीटी-४’च्या मूळ आवृत्तीची मर्यादा ८,१९२ टोकनांची होती. इंग्रजीत त्यात सहा हजारांच्या आसपास शब्द बसत. त्याच खिडकीत मराठीतील संभाषण सुरू होते न होते तोच आरंभीच्या सूचना बाहेर पडत. ‘मराठीत बोलले की हा लवकर बावचळतो’ अशी जी भावना त्या काळात व्यक्त होत असे, तिला हे एक ठोस कारण होते. नंतरच्या पद्धतीत हे अंतर पुष्कळ कमी झाले. पण या नमुन्यापुरते पाहिले तरी ते सुमारे १.४ पट उरलेच.

खिडकी मोठी केली म्हणजे भागते का?

गेल्या काही वर्षांत खिडकीचा आकार विलक्षण वाढला. २०२० मधील ‘जीपीटी-३’ला २,०४८ टोकनांची मर्यादा होती. मे २०२३ मध्ये अँथ्रोपिक कंपनीने ‘क्लॉड’साठी ती एक लाखावर नेली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये गुगलने ‘जेमिनी १.५ प्रो’साठी दहा लाख टोकनांची घोषणा केली. जाडजूड ग्रंथांची चळत एका वेळी यंत्रापुढे मांडता येईल, एवढी ही क्षमता आहे.

तरीही प्रश्न मिटला नाही. या प्रारूपांचा पाया गुगलमधील आठ संशोधकांनी २०१७ मध्ये ‘अटेन्शन इज ऑल यू नीड’ या शोधनिबंधात घातला. पुण्याच्या पुणे इन्स्टिट्यूट ऑफ कॉम्प्युटर टेक्नॉलॉजीच्या माजी विद्यार्थिनी निकी परमार या त्यांपैकी एक. या रचनेत मजकुरातील प्रत्येक टोकनाचा इतर टोकनांशी संबंध तपासला जातो. मूळ पद्धतीत मजकूर दुप्पट झाला, की ही तपासणी चौपट होते. त्यामुळे मोठी खिडकी महाग पडते, आणि सेवा देणारी कंपनी ती प्रत्येक ग्राहकाला पूर्णपणे उघडून देईलच, असे नसते.

दुसरी अडचण अवधानाची आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘लॉस्ट इन द मिडल’ या अभ्यासात असे दिसले, की महत्त्वाची माहिती लांब मजकुराच्या आरंभी किंवा अखेरीस असेल तर यंत्रे ती चांगली हेरतात. मध्यभागी असेल तर त्यांची कामगिरी घसरते. पुढच्या प्रारूपांनी यात सुधारणा केली असली, तरी मजकूर समोर असणे आणि तो ध्यानात घेतला जाणे यांतील फरक कायम आहे. म्हणूनच हरवलेला संदर्भ परत द्यायचा म्हणून जुने संभाषण आहे तसे नव्या खिडकीत ओतणे हा उपाय दिसतो तितका गुणकारी नाही. त्या गठ्ठ्यात फेटाळलेले मसुदे, दुरुस्त केलेल्या चुका, मध्येच बदललेले निर्णय हे सारे असते. यंत्र त्यातील कोणते प्रमाण मानील, याची खात्री देता येत नाही.

‘आठवते का?’ या प्रश्नातील धोका

समजा, उपनगरातील एका गृहनिर्माण संस्थेचे सचिव पुनर्विकासाचा पत्रव्यवहार अशा सहायकाच्या मदतीने करीत आहेत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९-अ खाली शासनाने ३ जानेवारी २००९ रोजी पुनर्विकासाबाबत निर्देश काढले. त्यांत विशेष सर्वसाधारण सभेच्या गणपूर्तीसाठी तीन-चतुर्थांश सभासदांच्या उपस्थितीची अट होती. ४ जुलै २०१९ च्या निर्देशांनी ती दोन-तृतीयांशांवर आली. सचिवांनी पहिल्याच दिवशी सहायकाला बजावले आहे, की २००९ चे निर्देश धरायचे नाहीत. सभासदांची संख्या, दोन विकासकांचे देकार, वास्तुविशारदाचे आक्षेप हे सारेही त्यांनी सांगून ठेवले आहे. तीन आठवड्यांनी ते नवे संभाषण उघडतात आणि विचारतात : ‘आपण गणपूर्तीबाबत काय ठरविले होते, आठवते का?’

यंत्राकडे त्या ठरावाची कोणतीही नोंद नाही. ‘मला माहीत नाही’ असे ते म्हणाले, तर ठीकच. परंतु ही यंत्रे संभाव्य वाटणारे पुढचे शब्द रचण्यासाठी घडविलेली आहेत. प्रश्नातच काही ठरले होते असे गृहीत असल्यामुळे, ठरले असण्याची शक्यता असलेले काहीतरी ती आत्मविश्वासाने सांगून मोकळी होऊ शकतात. प्रशिक्षणाच्या मजकुरात २००९ च्या निर्देशांवर दहा वर्षांचे लेखन साचलेले असणार. तेव्हा तीन-चतुर्थांशांचा जुना आकडा पुन्हा वर येण्याचा संभव मोठा. सचिवांनी तो तसाच सभेच्या सूचनेत घातला, तर पुरेशी गणपूर्ती असलेली सभाही विनाकारण तहकूब होईल. आणि एखाद्या विरोधी सभासदाला उपनिबंधकांकडे जाण्यासाठी आयते निमित्त मिळेल.

या उदाहरणातून पुढे येणारा धोका विस्मृतीपेक्षा गंभीर आहे. कोरी पाटी निदान दिसते. खोटी आठवण खऱ्यासारखीच दिसते. म्हणून संदर्भ परत आणताना यंत्राला आठवण विचारण्याऐवजी ती त्याला सांगावी, हा या व्यवहारातील पहिला नियम मानला पाहिजे.

विषय आणि संदर्भ

सांगायचे कसे, याचे उत्तर महाराष्ट्रातील कार्यालयीन परंपरेत फार पूर्वीपासून आहे. कोणत्याही शासकीय पत्राच्या माथ्यावर ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ अशा दोन ओळी असतात. पत्र ज्याच्या हाती पडेल, त्याला मागचे काहीही ठाऊक नसेल, हे गृहीत धरूनच त्या लिहिलेल्या असतात. बदली झालेला अधिकारी पदभार सोपविताना प्रलंबित प्रकरणांची यादी देतो. नवा अधिकारी फाइलवरील टिपणी वाचून पुढचा शेरा मारतो. रुग्णालयात दर वेळी निराळे डॉक्टर भेटले, तरी केसपेपरवरून उपचार पुढे चालतात. माणसे बदलतात, हे मान्य करून या पद्धती घडल्या. दर वेळी नव्याने कामावर रुजू होणाऱ्या यंत्राला त्या चपखल लागू पडतात.

अशा टिपणात पाच गोष्टी असाव्यात. काम काय आहे आणि ते कोणासाठी आहे, हे पहिल्या दोन वाक्यांत यावे. त्यानंतर आजवर झालेले निर्णय कारणांसह यावेत. कारणे दिली नाहीत, तर यंत्र नव्या उत्साहाने तेच पर्याय पुन्हा सुचवीत राहते. तिसरी बाब म्हणजे नाकारलेले पर्याय. चौथ्या भागात आकडे, दिनांक, नावे, व्याख्या हे मूळ बरहुकूम, सारांश न करता द्यावे. कारण सारांशात सर्वांत आधी गळतात ते तपशीलच. अखेरीस काम सध्या कोठे थांबले आहे आणि आता नेमके काय हवे आहे, हे सांगावे. महत्त्वाचे आरंभी आणि मागणी अखेरीस, हा क्रम वर उल्लेखिलेल्या संशोधनाशीही सुसंगत आहे.

वरील सचिवांचे टिपण मग असे होईल : ‘विषय : संस्थेचा पुनर्विकास, विशेष सर्वसाधारण सभेची सूचना. संदर्भ : कलम ७९-अ खालील ४ जुलै २०१९ चे निर्देश, प्रत सोबत जोडली आहे, २००९ चे निर्देश विचारात घेऊ नयेत. सभासद ४८, म्हणून गणपूर्ती ३२. दोन देकार आले. दुसरा नाकारला, कारण त्यात बँक हमीचा उल्लेख नव्हता. सूचनेचा मसुदा क्रमांक तीन सोबत आहे. त्यातील परिच्छेद चार अपुरा आहे. तेवढाच पूर्ण करावा.’ या पाचसहा ओळी तीन आठवड्यांच्या संभाषणाचे काम करतात. मसुद्याची शेवटची प्रत जोडली, की आधीच्या प्रती जोडण्याची गरज उरत नाही.

टिपण दिल्यावर लगेच काम सुरू करू देणे मात्र घाईचे ठरते. ‘तुला काय समजले ते आधी सांग, कोठे शंका असेल तर विचार’ अशी सूचना द्यावी आणि उत्तर मूळ टिपणाशी ताडून पाहावे. चूक असेल तर ती येथेच उघडी पडते. संभाषण लांबू लागल्यावर, ते संपण्याची वाट न पाहता, यंत्राकडूनच आतापर्यंतच्या निर्णयांचा गोषवारा मागवून घेणेही उपयुक्त असते. तो स्वतः वाचून दुरुस्त करावा आणि आपल्या संगणकावर दिनांक घालून साठवावा. यंत्राने केलेला सारांश न वाचता पुढच्या संभाषणात घातला, तर त्यातील एखादी चूक तेथे अधिकृत नोंद म्हणून प्रस्थापित होते.

संभाषण पूर्णच हरवले असेल, तर ते सेवेच्या इतिहासात शोधता येते. चॅटजीपीटीने एप्रिल २०२३ मध्ये आपली सर्व संभाषणे उतरवून घेण्याची सोय ग्राहकांना दिली. पण पुसलेले किंवा तात्पुरते संभाषण असेल, तर आपल्याकडील मसुदे, ई-मेल आणि टिपणवही यांवरूनच संदर्भ नव्याने उभारावा लागतो.

कंपनीची स्मृती आणि तिचे मोल

हा खटाटोप कमी व्हावा म्हणून कंपन्यांनी सहायकांना ‘स्मृती’ जोडण्यास सुरुवात केली. ओपनएआयने फेब्रुवारी २०२४ मध्ये चॅटजीपीटीत मोजक्या ग्राहकांसाठी तिची चाचणी घेतली आणि एप्रिल २०२५ मध्ये जुन्या संभाषणांचा आधार घेण्यापर्यंत तिची व्याप्ती वाढविली. गुगल आणि अँथ्रोपिक यांनीही २०२५ मध्ये आपापल्या सहायकांत अशा सोयी आणल्या. येथेही मूळ यंत्र बदललेले नाही. ग्राहकाविषयीच्या नोंदी बाजूला साठवायच्या आणि गरज वाटेल तेव्हा त्यांतील काही मजकूर गुपचूप नव्या संभाषणाच्या माथ्यावर ठेवायचा, अशी ही व्यवस्था आहे. म्हणजे टिपण आहेच. फक्त ते लिहिणारा हात बदलला आहे. त्यात काय आले, काय सुटले आणि कोणती जुनी बाब अजून खरी मानली जात आहे, हे ग्राहकाला सहसा पूर्णपणे कळत नाही.

साठविलेल्या संभाषणाला जोखीमही चिकटते. २० मार्च २०२३ रोजी एका त्रुटीमुळे चॅटजीपीटीच्या काही ग्राहकांना इतरांच्या संभाषणांची शीर्षके दिसली. नऊ तासांच्या अवधीत सक्रिय असलेल्या सशुल्क ग्राहकांपैकी १.२ टक्के ग्राहकांचे देयकविषयक तपशीलही उघड झाले असण्याची शक्यता कंपनीने तेव्हा मान्य केली. त्याच महिन्याच्या अखेरीस इटलीच्या विदासंरक्षण प्राधिकरणाने या सेवेवर तात्पुरती बंदी घातली होती.

त्याहून बोलके उदाहरण न्यायालयातील आहे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने डिसेंबर २०२३ मध्ये ओपनएआयविरुद्ध स्वामित्वहक्काचा दावा दाखल केला. त्या प्रकरणात मे २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने कंपनीला संभाषणांच्या नोंदी जपून ठेवण्याचा आदेश दिला. ग्राहकाने पुसलेली संभाषणे ३० दिवसांत काढून टाकण्याचा कंपनीचा शिरस्ता त्यामुळे थांबला. ते बंधन सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस उठले. पण तोवर, आपण पुसले म्हणजे पुसले गेले, हा कोट्यवधी ग्राहकांचा समज खोटा ठरला होता. त्यांतील कोणीही त्या दाव्यात पक्षकार नव्हते.

संदर्भ परत देताना सारासार विचार करण्याची गरज यातून स्पष्ट होते. घाईत सारी फाइल चिकटविली, की तिच्यासोबत सभासदांचे दूरध्वनी क्रमांक, रुग्णाचे निदान किंवा कार्यालयाची गोपनीय टिपणीही निघून जाते. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये परिपत्रक काढून, शासकीय दस्तऐवजांच्या गोपनीयतेला धोका असल्याच्या कारणावरून, कार्यालयीन संगणकांवर चॅटजीपीटी आणि डीपसीक यांसारखी साधने टाळण्याच्या सूचना कर्मचाऱ्यांना दिल्या, त्यामागे हीच चिंता होती. नेटके टिपण येथेही उपयोगी पडते. त्यात कामापुरतेच लिहिले जाते. व्यक्तीच्या नावाऐवजी ‘सभासद क्रमांक १२’ एवढे पुरते.

नोंद कोणाची?

या साऱ्याच्या मुळाशी मालकीचा प्रश्न आहे. वर्षभर एका सहायकाबरोबर काम केलेल्या ग्राहकाची लेखनशैली, सवयी, निर्णय यांची मोठी नोंद कंपनीकडे जमा होते. शुल्क वाढले, सेवा बदलली किंवा अधिक चांगला पर्याय आला, तरी ही नोंद सोडून जाणे जिवावर येते. दूरसंचार क्षेत्रात कंपनी बदलली तरी मोबाइल क्रमांक कायम ठेवण्याची मुभा मिळाल्यावर ग्राहकाची बाजू बळकट झाली, हे देशाने अनुभवले आहे. स्मृतीच्या बाबतीत तशी मुभा कोण देणार?

युरोपीय संघाच्या २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या विदासंरक्षण नियमनातील अनुच्छेद २० ग्राहकाला स्वतः दिलेली माहिती वापरण्याजोग्या स्वरूपात परत मिळविण्याचा आणि दुसऱ्या सेवेकडे नेण्याचा हक्क देतो. भारतातही हा विचार झाला होता. न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये सादर केलेल्या मसुद्यात अशा हक्काची तरतूद होती आणि २०१९ मध्ये संसदेत आलेल्या विधेयकातही ती टिकली. ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमातून मात्र ती वगळली गेली. या कायद्याने आपल्या माहितीचा गोषवारा मागण्याचा, ती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क दिला; ती उचलून दुसरीकडे नेण्याचा दिला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनुसार कायद्यातील बहुतांश तरतुदी अठरा महिन्यांच्या मुदतीनंतर अमलात यावयाच्या आहेत.

काही कंपन्या संभाषणे उतरवून घेण्याची सोय स्वतःहून देतात, हे खरे. पण सोय आणि हक्क यांत अंतर असते. सोय कंपनीच्या मर्जीवर चालते आणि धोरण बदलले की बंद होते. कायद्यात दुरुस्तीचा विषय पुढे कधी निघेल, तेव्हा वगळलेल्या त्या तरतुदीचा फेरविचार व्हायला हवा. मुद्रित प्रतिज्ञापत्रांपासून शालेय प्रकल्पांपर्यंत अनेक कामांत या सहायकांचा हात लागत असताना, त्या कामांचा इतिहास परक्या भूमीवरील साठवणुकीत अडकून राहणे सार्वजनिक हिताचेही नाही.

तोपर्यंत ग्राहकाच्या हाती राहतो तो जुनाच मार्ग. कंपनीच्या स्मृतीचा लाभ जरूर घ्यावा. परंतु महत्त्वाच्या प्रत्येक कामाचे दोन परिच्छेदांचे टिपण आपल्या संगणकावर किंवा वहीत असावे, ते दर बैठकीनंतर अद्ययावत करावे आणि नव्या संभाषणाची सुरुवात त्यापासून करावी. सहायक कोणत्याही कंपनीचा असो, ते तेवढेच उपयोगी पडेल. शिवाय ते लिहिताना आपण नेमके काय ठरविले आहे, याची लिहिणाऱ्यालाही पुन्हा एकदा तपासणी करावी लागते. यंत्राला संदर्भ पुरविण्यापूर्वी तो माणसाला ठाऊक असणे आवश्यक आहे. आणि सहायकावर सारे सोपवून निर्धास्त होण्याच्या या काळात ती गोष्टही पूर्वीइतकी गृहीत धरता येत नाही.